रारोटोंगाच्या वजनाने अतिऊ किती उचललं गेलं? प्लेट वाकण्याचं गणित स्वतः कसं मांडायचं

दक्षिण पॅसिफिकमधल्या कुक बेटांत रारोटोंगा हा तुलनेने तरुण ज्वालामुखी आहे. तो साधारण २० लाख वर्षांपूर्वीपासून १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत उभा राहिला. त्याच्यापासून दोनशे-पावणेतीनशे किलोमीटरवर मांगाया, अतिऊ, मितिआरो आणि माउके ही चार जुनी बेटं आहेत. चारही बेटांभोवती प्रवाळाच्या चुनखडकाचं कडं आहे आणि ते समुद्रापासून बरंच वर आलेलं आहे. या कड्याला तिथे माकातेआ म्हणतात. प्रवाळ पाण्याखालीच वाढतो, त्यामुळे तो कोरड्यावर दिसला तर एक तर समुद्र खाली गेला किंवा बेट वर आलं. एकमेकांजवळची चार बेटं वेगवेगळ्या उंचीवर आहेत, म्हणजे फक्त समुद्र खाली जाऊन भागत नाही. बेटंही वर आलेली आहेत.

कारण असं सांगतात: रारोटोंगाच्या वजनाने समुद्रतळाची प्लेट खाली दबली. प्लेट ताठ असल्यामुळे ती एका जागी मोडली नाही, लांबवर वाकली. दबलेल्या खळग्याच्या बाहेर ती तरफेसारखी किंचित वर आली. त्या बाहेरच्या फुगवट्यावर जी जुनी बेटं होती ती वर उचलली गेली. मार्शा मॅकनट आणि हेन्री विल्यम मेनार्ड यांनी १९७८ मध्ये ही कल्पना नीट गणिताने मांडली. अशा बेटांच्या उंचीवरून प्लेटचा ताठरपणा काढता येतो, हे त्यांनी दाखवलं.

हे गणित घरच्या संगणकावर, साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. अवघड भाग सूत्राचा नाही, कोणता आकडा कुठे घालायचा याचा आहे.

अंतरं आधी काढा

बेटांचे अक्षांश-रेखांश अंशांत, दोन दशांशांपर्यंत पुरेत. रारोटोंगा २१.२३ दक्षिण, १५९.७८ पश्चिम. मांगाया २१.९२ दक्षिण, १५७.९२ पश्चिम. अतिऊ २०.०० दक्षिण, १५८.१२ पश्चिम. मितिआरो १९.८७ दक्षिण, १५७.७० पश्चिम. माउके २०.१५ दक्षिण, १५७.३४ पश्चिम.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश या पट्ट्यात १०४ किलोमीटर, कारण १११ ला साधारण २१ अंशांच्या कोसाइनने गुणावं लागतं. ही पायरी विसरली तर सगळी बेटं दहा-पंधरा किलोमीटर लांब सरकतात. दोन्ही फरक किलोमीटरमध्ये आणून पायथागोरस लावा. मांगाया २०८, अतिऊ २२०, मितिआरो २६४, माउके २८१ किलोमीटर अशी अंतरं मिळतात.

मांगाया आणि अतिऊ रारोटोंगापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीमुळे एक निकाल लागणार आहे.

ज्वालामुखीचं आकारमान

पाण्यावर दिसणारं रारोटोंगा ६७ चौरस किलोमीटरचं आहे आणि ‘ते मांगा’ नावाचं त्याचं शिखर ६५० मीटरच्या थोडं वर आहे. हा वरचा भाग शंकू धरला तर १५ घन किलोमीटरच्या आत बसतो. खरं वजन पाण्याखाली आहे. समुद्रतळ साधारण साडेचार किलोमीटर खाली आहे आणि तळाशी ज्वालामुखीचा व्यास ५० किलोमीटरच्या घरात जातो.

म्हणून छाटलेला शंकू घ्या: उंची ४.५, खालची त्रिज्या २५, वरची त्रिज्या ५ किलोमीटर. आकारमान म्हणजे पाय (वर्तुळाचा स्थिरांक, ३.१४१६) गुणिले उंची भागिले ३, गुणिले (खालच्या त्रिज्येचा वर्ग + दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार + वरच्या त्रिज्येचा वर्ग). ३.१४१६ × १.५ × (६२५ + १२५ + २५) = सुमारे ३६५० घन किलोमीटर.

इथे सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे ५० हा व्यास त्रिज्या म्हणून घालणं. आकारमान चौपटीच्या आसपास जातं आणि उत्तर एकदम छान जुळल्यासारखं वाटतं. जुळलेलं उत्तर पाहून कोणी मागे जाऊन तपासत नाही.

शंकू हा अंदाजच आहे. ज्वालामुखीच्या उतारांना आत वळलेला बाक असतो, म्हणून सरळ उताराचा शंकू आकारमान थोडं फुगवतो. नेमकं काम हवं असेल तर गेब्कोची समुद्रतळाच्या खोलीची जाळी मोफत मिळते. तिचा प्रत्येक चौकोन १५ विकलांचा, म्हणजे विषुववृत्तापाशी साधारण साडेचारशे मीटरचा असतो. रारोटोंगाभोवतीचा चौकोनी तुकडा घ्या, आसपासच्या सपाट तळाची खोली प्रत्येक चौकोनातून वजा करा, उरलेल्या उंचीला चौकोनाच्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज करा. सपाट तळाची खोली ज्वालामुखीच्या पायथ्याशी मोजू नका. तिथे खळगा आणि घसरून आलेला मलबा दोन्ही असतात. शंभर-दीडशे किलोमीटर लांबची खोली घ्या.

घनता: वजन किती, आणि आधार किती

चार घनता लागतात, किलो प्रति घन मीटरमध्ये. ज्वालामुखीचा खडक २८००. समुद्राचं पाणी १०३०. प्रावरण, म्हणजे प्लेटखालचा जड आणि सावकाश वाहणारा खडक, ३३००. आणि ज्वालामुखीभोवतीच्या खळग्यात साचलेला भराव २७००.

सह्याद्रीतला ताजा, घट्ट काळा कातळ हातात धरून पाहिलेल्या माणसाला २८०० कमी वाटेल, आणि त्याचं बरोबरच आहे. घट्ट बेसाल्ट २९०० च्या आसपास जातो. पण समुद्रातला ज्वालामुखी म्हणजे एकसंध कातळ नसतो. त्यात भोकाळ लाव्हा असतो, पाण्यात फुटून झालेला चुरा असतो, भेगांत पाणी असतं. त्या सगळ्यांची सरासरी २८०० धरली तरी ती थोडी वरच्या बाजूचीच आहे.

ज्वालामुखीने आपल्या जागेचं पाणी बाजूला सारलेलं असतं, म्हणून प्लेटवर पडणारा जास्तीचा भार २८०० वजा १०३०, म्हणजे १७७० ने मोजायचा. पाणी वजा करायचं राहिलं तर भार दीडपटीहून जास्त होतो.

भाराला तोलून धरणारी शक्ती येते ती प्रावरण बाजूला सरकल्यामुळे. प्लेट दबली की जड प्रावरण तिथून निघून जातं आणि त्या जागी हलकं काहीतरी येतं. हे हलकं काय, यावर अख्खं उत्तर अवलंबून आहे. खळग्यात फक्त पाणी आलं असं धरलं तर फरक ३३०० वजा १०३०, म्हणजे २२७०. खळगा खडकाच्या भरावाने भरला असं धरलं तर फरक ३३०० वजा २७००, म्हणजे फक्त ६००. पहिल्यात आधार भक्कम, दुसऱ्यात कच्चा. त्याच भाराखाली प्लेट दुसऱ्यात कितीतरी जास्त वाकते.

खरी स्थिती यांच्या मधली असते. ज्वालामुखीच्या पायाखालचा आणि जवळचा खळगा लाव्हा, दरडी आणि गाळाने भरतो. बाहेरच्या फुगवट्यावर मात्र पाणीच असतं. म्हणून गणित दोन्ही टोकांनी करा आणि उत्तर एक आकडा म्हणून न देता एक पट्टा म्हणून द्या. एकाच आकड्यावर समाधान मानणं हा या कामातला सर्वांत महागडा आळस आहे.

प्लेटचा ताठरपणा आणि वाकण-लांबी

प्लेटचा ताठरपणा म्हणजे यंगचा गुणांक गुणिले लवचीक जाडीचा घन, भागिले १२ गुणिले (१ वजा प्वासाँ गुणोत्तराचा वर्ग). यंगचा गुणांक, म्हणजे खडक ताणाला किती विरोध करतो त्याचं माप, ७० गिगापास्कल घ्या; आणि प्वासाँ गुणोत्तर, म्हणजे एका दिशेने दाबला की तो आडवा किती फुगतो त्याचं माप, ०.२५ घ्या. लवचीक जाडी म्हणजे प्लेटची पूर्ण जाडी नव्हे. दीर्घकाळ ताण सोसून स्प्रिंगसारखा वागणारा वरचा थंड भाग तेवढाच मोजायचा. खालचा गरम भाग लाखो वर्षांत हळूहळू ओघळतो, त्याचा आधार धरायचा नाही. प्लेटच्या जाडीचा ८०-१०० किलोमीटरचा आकडा इथे कोणी टाकला तर फुगवटा शेजारची बेटं सोडून भलतीकडेच पडतो.

ताठरपणाला घनतेच्या फरकाने आणि गुरुत्वाने भागा आणि चौथं मूळ काढा. मिळतं ती वाकण-लांबी. सगळं गणित या एका लांबीभोवती फिरतं. तयार आकडे असे:

लवचीक जाडी १० किमी: पाणी धरून २३ किमी, भराव धरून ३२ किमी
लवचीक जाडी १५ किमी: पाणी धरून ३१ किमी, भराव धरून ४३.५ किमी
लवचीक जाडी २० किमी: पाणी धरून ३८.७ किमी, भराव धरून ५४ किमी
लवचीक जाडी २५ किमी: पाणी धरून ४५.७ किमी, भराव धरून ६४ किमी

मधल्या जाडीसाठी जाडीच्या गुणोत्तराचा ०.७५ घात घेऊन गुणा. जाडी दुप्पट केली की वाकण-लांबी १.६८ पट होते.

पाठ्यपुस्तकांत वाकण-लांबीच्या दोन व्याख्या आढळतात. लांब, सरळ डोंगररांगेच्या भारासाठी ताठरपणाला आधी ४ ने गुणतात आणि मग चौथं मूळ काढतात. गोल ज्वालामुखीसाठी ४ नसतो. दोघांत १.४१ पट फरक पडतो. एका पुस्तकातली लांबी आणि दुसऱ्यातलं सूत्र एकत्र केलं की फुगवटा साठ-सत्तर किलोमीटर सरकतो, आणि चूक कुठे आहे ते काही केल्या सापडत नाही. याचसारखी दुसरी सरमिसळ म्हणजे रांगेचं सूत्र गोल बेटाला लावणं. रांगेच्या भारात बाहेरचा फुगवटा मधल्या खळग्याच्या ४ टक्क्यांहून थोडा जास्त असतो. एकट्या गोल भारात तो दीड टक्क्याच्याही आत राहतो. हवाईसारख्या रांगेचा ठळक फुगवटा पाहून रारोटोंगाकडून तशीच अपेक्षा धरली तर ती यामुळेच चुकते.

उचल काढण्याचं सूत्र

मोठाले घात टाळायचे असतील तर सूत्र असं लिहा:

उचल = आकारमान ÷ (२ × पाय × वाकण-लांबीचा वर्ग) × (भाराचा घनता-फरक ÷ आधाराचा घनता-फरक) × केई

सगळं किलोमीटरमध्ये घाला, उत्तर किलोमीटरमध्येच येतं. गुरुत्व दोन्हीकडून निघून जातं. केई हे केल्व्हिनच्या नावाने ओळखलं जाणारं एक फलन आहे. त्यात अंतर भागिले वाकण-लांबी हा आकडा घालायचा. एक्सेलमध्ये ते नाही. तिथे बेसेलचं के फलन दिसतं, पण ते फक्त वास्तव संख्या घेतं, त्याने काम होत नाही. पायथन वापरत असाल तर सायपाय संचात केई तयार मिळतं. नाही तर हा तक्ता पुरतो:

०: −०.७८५
१: −०.४९५
२: −०.२०२
३: −०.०५११
३.९१: ०
४.५: ०.००९७
४.९३: ०.०११२
५.५: ०.००९७
६: ०.००७२
६.५: ०.००४७
७: ०.००२७
७.५: ०.००१३
८: ०.०००४

उणे म्हणजे खाली दबणं, अधिक म्हणजे वर येणं. वाकण-लांबीच्या ३.९१ पट अंतरापर्यंत प्लेट खाली असते. ४.९३ पटीला फुगवट्याचा माथा येतो. आठ-साडेआठ पटींच्या पुढे पुन्हा बारीकशी खाली वळते, पण ते मोजण्यासारखं नसतं. काही पुस्तकांत सूत्राच्या पुढे उणे चिन्ह असतं, कारण ते खालची दिशा अधिक धरतात. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये अंतर शून्य घालून पाहा. ज्वालामुखीखाली प्लेट वर येत असेल तर चिन्ह उलटं पडलं आहे.

सूत्र भार एका बिंदूवर आहे असं धरतं. रारोटोंगाची त्रिज्या २५ किलोमीटर आहे, पण दोनशे किलोमीटरवर त्याने पडणारा फरक ५ टक्क्यांहून कमी असतो. ज्वालामुखीच्या खालीच किती दबलं हे हवं असेल तर मात्र बिंदू चालणार नाही, कारण तिथे तो दबणं वाढवून सांगतो.

आता आकडे घालू. आधी पाणी धरून, जाडी २० किलोमीटर, वाकण-लांबी ३८.७. आकारमान ३६५० भागिले (६.२८३ × १४९८) = ०.३८८. घनतांचं गुणोत्तर १७७० भागिले २२७० = ०.७८. गुणाकार ०.३०२ किलोमीटर, म्हणजे ३०२ मीटर. अतिऊसाठी २२० भागिले ३८.७ = ५.६८, तक्त्यातून केई सुमारे ०.००८८. उचल २.७ मीटर. मांगायाला ३.१, मितिआरोला १, माउकेला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त.

मग भराव धरून, जाडी १५, वाकण-लांबी ४३.५. ३६५० भागिले (६.२८३ × १८९२) = ०.३०७. गुणोत्तर १७७० भागिले ६०० = २.९५. गुणाकार ९०६ मीटर. अतिऊसाठी २२० भागिले ४३.५ = ५.०६, म्हणजे ते माथ्याच्या जवळजवळ वरच. उचल १० मीटर. मांगायालाही साधारण १०. मितिआरोला ६.२, माउकेला ४.४ मीटर.

एकच ज्वालामुखी, तीच बेटं, आणि उत्तर २.७ ते १०. यातला बहुतेक फरक खळग्यात काय भरलंय या एका गृहीतकाने पाडला.

जाडी किती धरायची, हे बेटंच सांगतात

भराव धरून जाडी २५ केली तर वाकण-लांबी ६४ होते आणि प्लेट २५० किलोमीटरपर्यंत खालीच असते. म्हणजे अतिऊ आणि मांगाया दोन्ही बुडायला हवीत. ती तर वर आलेली आहेत. जाडी २० केली तरी मांगाया खळग्याच्या काठावर अडकतं. उलट पाणी धरून जाडी १० केली तर माथा ११३ किलोमीटरवर येतो, आणि दोनशेच्या पुढे असलेल्या या बेटांना काहीच मिळत नाही. म्हणजे बेटं उचललेली आहेत एवढ्या साध्या गोष्टीवरून जाडीला दोन्ही बाजूंनी कुंपण पडतं. उंचीचा अचूक आकडा लागलाच नाही.

हा समुद्रतळ क्रिटेशियस काळातला, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या पर्वातला, जुना आणि म्हणून थंड व्हायला हवा. तशा प्लेटची लवचीक जाडी ३० किलोमीटरच्या आसपास अपेक्षित असते. इथे ती त्याच्या निम्म्याच्या आसपास निघते. दक्षिण पॅसिफिकच्या या पट्ट्यात प्लेट खालून पुन्हा तापली आहे, असा याचा अर्थ लावला जातो.

कड्याची उंची आणि तिचे सापळे

माकातेआच्या माथ्याची उंची अतिऊवर साधारण २२ मीटर, मितिआरोवर ११, माउकेवर १५, आणि मांगायावर ७० मीटर आहे. हे आकडे सरळ आपल्या उत्तराशेजारी ठेवू नका.

पहिलं म्हणजे समुद्राची पातळी. सव्वा लाख वर्षांपूर्वी, मागच्या उबदार काळात, समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर उंच होता. त्या काळचा प्रवाळ बेट तसूभर न हलताही आज ६-९ मीटरवर दिसेल. त्या वयाच्या खडकासाठी तेवढे मीटर वजा करायचेच.

दुसरं म्हणजे झीज. पावसाचं पाणी चुनखडक विरघळवतं. माकातेआवर चालताना हे पायाला कळतं: खडकाचं सुऱ्यांसारख्या धारदार टोकांचं जंगल झालेलं असतं, साधा बूट फाटतो. पाऊस वाहून न जाता भेगांतून खाली उतरतो. मधल्या ज्वालामुखी टेकडीवरून आलेले ओढे कड्याच्या आतल्या पायथ्याशी चुनखडकाखाली शिरतात आणि जमिनीखालून समुद्राला मिळतात. त्याच पायथ्याच्या दलदलीत अळूची, तिथल्या तारोची, वाफेशेती असते. सांगायचं म्हणजे, आज दिसणारा माथा हा मूळ प्रवाळाचा माथा असेलच असं नाही. तो काही मीटर खाली आलेला असू शकतो.

तिसरं, आणि सर्वांत महत्त्वाचं, वय. कड्यात वेगवेगळ्या काळांचे चुनखडक एकावर एक किंवा शेजारी-शेजारी चिकटलेले असतात. समुद्राकडची पट्टी तरुण, आतली जुनी. रारोटोंगापेक्षा जुना खडक रारोटोंगाआधीच्या सगळ्या हालचालीही अंगावर घेऊन उभा असतो. माथ्याची उंची म्हणजे या भाराची उचल, हे समीकरण फक्त योग्य वयाच्या खडकाला लागू पडतं.

नमुना घेताना प्रवाळ जगताना जसा उभा होता तसाच उभा आहे ना, हे पाहा. वादळाने फेकलेले गोळे कितीही उंचावर सापडतात आणि ते कशाचाही पुरावा नसतात. उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजा, त्या दिवशीच्या पाण्यापासून नको. वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढतात आणि ती साधारण पाच-सहा लाख वर्षांपर्यंत चालते. प्रवाळाचं मूळ खनिज अॅरागोनाइट बदलून कॅल्साइट (त्याच रसायनाचं दुसरं खनिज) झालं असेल तर वय फसवं निघतं, म्हणून आधी क्ष-किरण विवर्तनाने तपासा. कॅल्साइट १-२ टक्क्यांच्या वर गेला तर तो तुकडा बाजूला ठेवा. जुन्या, गोड्या पाण्यात भिजलेल्या माकातेआत चांगला तुकडा मिळणं कठीण असतं. दहा फोडावेत तेव्हा एखादा कामाचा निघाला तर नशीब.

मांगायाचं काय करायचं

आता ती अंतरं परत काढा. मांगाया २०८ किलोमीटरवर, अतिऊ २२० वर. गोल भाराभोवती उचल फक्त अंतरावर ठरते, दिशेवर नाही. दोघांना जवळजवळ सारखीच उचल मिळायला हवी, आणि गणितातही तशीच मिळते. प्रत्यक्षात एक २२ मीटरवर, दुसरं ७० वर. जाडी, घनता, आकारमान, काहीही बदललं तरी हा तिप्पट फरक रारोटोंगा एकटं देऊ शकत नाही.

म्हणून मांगायाची ७० मीटर उंची जुळवण्यासाठी आकारमान वाढवत नेणं हा चुकीचा रस्ता आहे. तसं केलं तर अतिऊ, मितिआरो आणि माउके बिघडतात. मांगायाचा ज्वालामुखी १ कोटी ७० लाख वर्षांहून जुना आहे, म्हणजे बाकी बेटांपेक्षा त्याने जास्त काळ पाहिला आहे. त्याच्या उंच कड्यात रारोटोंगाआधीच्या घडामोडींचा वाटा धरावाच लागतो. रारोटोंगाचा हिशोब करायचा तर मांगायाचा माथा वगळा आणि समुद्राकडचा तरुण चुनखडक तेवढा घ्या.

माउके मितिआरोपेक्षा लांब असूनही थोडं उंच आहे, हेही गोल भाराच्या विरुद्ध जातं. पण हा फरक चार मीटरचा आहे. झीज आणि खडकाचं वय यांतच तो सहज मावतो. चार मीटरसाठी नवं प्रारूप बांधू नका. पन्नास मीटरसाठी मात्र थांबून विचार करावाच लागतो.

दुसरा भार जोडणं

हे गणित रेषीय आहे. दोन ज्वालामुखी असले तर दोघांची उचल वेगवेगळी काढून सरळ बेरीज करायची. कुक बेटांत आइतुताकी, १८.८६ दक्षिण आणि १५९.७८ पश्चिम, हा दुसरा उमेदवार आहे. तो मुळात जुना आहे, पण गेल्या २० लाख वर्षांत तिथे पुन्हा लाव्हा आला. त्या नंतरच्या लाव्ह्याचंच आकारमान घ्या, अख्ख्या बेटाचं नको. जुन्या भागाचा भार प्लेटने केव्हाच सोसून झाला आहे.

आइतुताकीपासून अतिऊ सुमारे २१५ किलोमीटरवर, मांगाया ३९० वर. म्हणजे आइतुताकी अतिऊला वर उचलतं आणि मांगायाला काहीच देत नाही. ते जोडल्याने अतिऊचं गणित सुधारतं, मांगायाचं कोडं मात्र आणखी घट्ट होतं. आइतुताकी स्वतः रारोटोंगापासून मितिआरोइतकंच लांब असूनही तिथे उंच माकातेआ नाही. त्याच्या स्वतःच्या नव्या लाव्ह्याचं वजन त्याला खाली रेटतं, हे त्याचं एक कारण धरता येतं.

गणित लावण्याआधी पाहण्याची एक गोष्ट

वर आलेलं प्रत्येक प्रवाळ बेट ज्वालामुखीच्या भाराने आलेलं नसतं. नीउए हे बेट साठ-सत्तर मीटर उंच आहे, पण त्याच्या पश्चिमेला टोंगा गर्ता, म्हणजे समुद्रतळातली लांब, खोल चर, आहे. तिथे प्लेट खाली शिरण्याआधी वाकते आणि तिच्या त्या फुगवट्यावर नीउए चढत आहे. न्यू कॅलेडोनियाजवळची लॉयल्टी बेटं आणि हिंद महासागरातलं, जावाच्या दक्षिणेचं ख्रिसमस बेट याच प्रकारातली. म्हणून नकाशा उघडून आधी पाहा: दीडशे ते तीनशे किलोमीटरच्या टापूत तरुण ज्वालामुखी आहे का, की गर्ता आहे? आपलं लक्षद्वीप यांपैकी कशातच बसत नाही. दख्खनचा लाव्हा ज्या रियुनियन तप्तबिंदूतून (प्लेटखालच्या, एका जागी टिकून राहिलेल्या लाव्ह्याच्या उगमातून) आला, त्याच्याच मागे राहिलेल्या कण्यावर ती बेटं आहेत. तो तप्तबिंदू आता हजारो किलोमीटर दक्षिणेला आहे, शेजारी नवा भार नाही, आणि बेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर आहेत.

रारोटोंगाचा तक्ता बसला की पुढे ताहिती आणि माकातेआ बेट घ्या. या बेटाचं नाव आणि कड्याचं नाव एकच आहे. ते ताहितीपासून साधारण २४० किलोमीटरवर आहे, ११३ मीटर उंच आहे आणि १९६६ पर्यंत तिथे फॉस्फेटच्या खाणी चालल्या. ताहिती गोल नाही. मोठा आणि छोटा असे दोन ज्वालामुखी जोडलेले आहेत, त्यांचं आकारमान आणि अंतर वेगवेगळं काढा, मग शेजारचं मोरेआ जोडा. वाकण-लांबी आधी ४३.५ ठेवून पाहा आणि मग ती ३५ ते ५० पर्यंत सरकवा. माकातेआची उचल प्रत्येक लांबीला किती बदलते ते एका रकान्यात लिहीत जा, आणि त्या रकान्याशेजारी ११३ लिहिण्याआधी त्या मीटरांतले किती कोणत्या वयाच्या खडकाचे आहेत ते पाहून घ्या.